एका थेंबात ट्रोपोनिन मोजता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इन्स्ट्रुमेंटेशनच्या शेवटच्या वर्षाच्या चौघांना प्रोजेक्ट करायचाय: बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबात ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन, ध्वनिलहरींच्या सेन्सरने मोजायचं. त्यांनी वाचलेल्या पेपरांत 'पिकोग्रॅमपर्यंत (ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागापर्यंत) मोजलं' असं लिहिलंय. मग हे यंत्र कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये का दिसत नाही? आणि घ्यायचं काय, क्वार्ट्झ क्रिस्टल की सरफेस वेव्हवाली चिप?

मी पंधरा-सोळा वर्षं या क्रिस्टलांसोबत काढली आहेत, त्यातली निम्मी त्यांना रक्ताची सवय लावण्यात. आधी निकाल सांगते, मग कारणं. ट्रोपोनिन सोडा, सीआरपी घ्या, म्हणजे संसर्ग झाला की रक्तात वाढणारं प्रथिन. थेंबभर रक्त सोडा, सीरम घ्या, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव. चिपच्या मागे न लागता 10 मेगाहर्ट्झचा साधा क्वार्ट्झ क्रिस्टल घ्या. आणि सेन्सरपेक्षा त्याच्यावरच्या पाच-दहा नॅनोमीटरच्या थराला जास्त वेळ द्या, कारण सगळं गाडं तिथेच अडतं.

भजनाला बसण्याआधी पखवाजवाला डाव्या तोंडावर ओली कणीक थापतो ते पाहिलंय ना? कातड्यावर वजन वाढलं की ते सावकाश थरथरतं, स्वर उतरतो. कणीक जास्त झाली तर थोडी खरवडून काढायची. क्वार्ट्झ क्रिस्टल मायक्रोबॅलन्स, म्हणजे आपलं क्यूसीएम, याच तत्त्वावर चालतं. कातड्याच्या जागी क्वार्ट्झची चकती, दोन्ही बाजूंना सोन्याचा मुलामा, आणि कणकेच्या जागी अँटिबॉडीला (नेमकं हवं तेच प्रथिन पकडणाऱ्या रेणूला) चिकटलेलं प्रथिन. क्वार्ट्झवर दाब दिला की वीज निर्माण होते हे क्यूरी बंधूंनी 1880 मध्ये दाखवलं. उलट वीज दिली की क्वार्ट्झ हलतो. 35 अंश 15 मिनिटांच्या कोनात कापलेली चकती असेल तर तिचे दोन पृष्ठभाग एकमेकांच्या उलट दिशेने सरकतात, पत्त्यांचा कॅट दोन तळव्यांत धरून घासल्यासारखे. 5 मेगाहर्ट्झची चकती साधारण एक तृतीयांश मिलिमीटर जाड असते, म्हणजे सेकंदाला पन्नास लाख वेळा ही घासाघीस चालते.

1959 मध्ये झाउअरब्रे या जर्मन शास्त्रज्ञाने या घासाघिशीचं वजनाशी गणित बसवलं. 5 मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर चौरस सेंटिमीटरला 17.7 नॅनोग्रॅम बसले की फ्रिक्वेन्सी 1 हर्ट्झने उतरते. 10 मेगाहर्ट्झला त्याच 1 हर्ट्झसाठी 4.4 नॅनोग्रॅम पुरतात, कारण संवेदनशीलता फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे दोन आकडे पाठ करा. प्रोजेक्ट निवडताना तुम्ही ते वापरले असते तर ट्रोपोनिनचं नाव पाच मिनिटांत खोडलं असतं. तो हिशेब आत्ताच करून टाकू.

रुग्णालयात वापरल्या जाणाऱ्या अतिसंवेदनशील ट्रोपोनिन-टी चाचणीत निरोगी माणसाची वरची मर्यादा लिटरला 14 नॅनोग्रॅम धरतात. तुमच्याकडे 50 मायक्रोलिटर सीरम आहे असं समजा. त्यात एकूण ट्रोपोनिन किती? 0.7 पिकोग्रॅम. आता मी फार उदार होते आणि म्हणते की त्यातला प्रत्येक रेणू क्रिस्टलवर जाऊन चिकटला, एकही वाया गेला नाही. सोन्याच्या वर्तुळाचा व्यास 5 मिलिमीटर म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 0.2 चौरस सेंटिमीटर. चौरस सेंटिमीटरला साडेतीन पिकोग्रॅम झाले. 17.7 नॅनोग्रॅमने भागा. उत्तर येतं 0.0002 हर्ट्झ. द्रवात ठेवलेल्या चांगल्या यंत्राची बेसलाइन स्थिर बसली असतानाही 0.1 हर्ट्झने इकडेतिकडे होते. म्हणजे तुमचा सिग्नल गोंगाटाच्या पाचशेपट खाली आहे, आणि तेही मी सगळी सूट दिल्यावर.

प्रत्यक्षात सूट मिळत नाही. रेणूंच्या संख्येत मोजलं तर 14 नॅनोग्रॅम म्हणजे 0.4 पिकोमोलर. तुमच्या अँटिबॉडीचा विघटन स्थिरांक, म्हणजे ज्या प्रमाणाला तिच्या निम्म्या जागा भरतात ते, 1 नॅनोमोलर असेल, आणि ती वाईट अँटिबॉडी नव्हे, तर समतोल आल्यावर दर दहा हजार जागांतल्या जेमतेम चार भरतील. तो समतोल यायलाही कित्येक तास जातात, कारण इतके विरळ रेणू पृष्ठभागापर्यंत भटकत येईतो वेळ लागतो. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला एवढा वेळ नसतो. डॉक्टरांना तर एका आकड्यावर भागतही नाही, तासाभराने पुन्हा नमुना घेऊन ट्रोपोनिन काही नॅनोग्रॅमने चढलं का ते बघावं लागतं.

मग पेपरवाले खोटं बोलतात का? नाही, पण पेपर नीट वाचावा लागतो. पहिलं, मोजमाप बहुतेक वेळा पीबीएसमध्ये, म्हणजे मिठाच्या स्वच्छ पाण्यात, विकतचं शुद्ध ट्रोपोनिन टाकून केलेलं असतं. दुसरं, कुठेतरी मध्येच 'गोल्ड नॅनोपार्टिकल' असे दोन शब्द असतात आणि खरी करामत तिथे असते. 40 नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणाचं वजन काढा: सुमारे 0.65 फेम्टोग्रॅम. ट्रोपोनिन-टीच्या एका रेणूच्या ते दहा हजारपट भरतं. आधी क्रिस्टलवरच्या अँटिबॉडीने ट्रोपोनिन पकडायचं, मग दुसऱ्या अँटिबॉडीला बांधलेला सोन्याचा गोळा त्याच्या डोक्यावर ठेवायचा. आपल्या 0.0002 हर्ट्झचे कागदावर 2 हर्ट्झ झाले. युक्ती चांगली आहे, मीही वापरते. पण मग 'लेबल लागत नाही' हा या सेन्सरचा सगळ्यात मोठा अभिमान गळून पडतो. लेबल लावायचंच असेल तर रुग्णालयातली मोठी यंत्रं ते आधीपासून फार उत्तम करतात. त्यांच्या लेबलमधून प्रकाश येतो, आणि प्रकाशाला रक्त किती घट्ट आहे याची फारशी फिकीर नसते.

क्रिस्टलला मात्र ती असते. आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण मला भेटणारे निम्मे विद्यार्थी इथेच घसरतात.

हवेत डोलणारा क्रिस्टल पाण्यात बुडवला की तो पाण्याचा पातळ थर सोबत ओढू लागतो. 5 मेगाहर्ट्झला हा थर 250 नॅनोमीटरच्या आसपास असतो. कानाझावा आणि गॉर्डन यांनी 1985 मध्ये याचं सूत्र दिलं: फ्रिक्वेन्सी किती उतरेल ते द्रवाची घनता गुणिले चिकटपणा यांच्या वर्गमुळावर ठरतं. नुसत्या पाण्याने एका बाजूला सातशे हर्ट्झच्या वर उतार मिळतो. प्लाझ्माचा, म्हणजे पेशी काढलेल्या रक्ताचा, चिकटपणा पाण्याच्या दीडपटीहून जास्त. म्हणून बफर (पीबीएससारखं मिठाचं द्रावण) काढून प्लाझ्मा सोडला की काहीही न चिकटता दोनशेच्या आसपास हर्ट्झ गायब. तुम्ही शोधताय पाच-दहा हर्ट्झ. त्यात एका माणसाचा प्लाझ्मा दुसऱ्यासारखा नसतो. ताप असेल तर फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन वाढलेलं, रात्री मटणाचं जेवण झालं असेल तर सकाळचं सीरम दुधासारखं, नर्सने घाईत सुई ओढली असेल तर पेशी फुटून लालसर. क्रिस्टलला यातलं प्रत्येक कळतं. तक्रार करायची तर हीच, की याला फार कळतं.

आणि मग चिकटणारी गर्दी. रक्ताच्या द्रवभागात लिटरला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं असतात, त्यातलं निम्म्याहून अधिक अल्ब्युमिन. लिटरला 40 ग्रॅम अल्ब्युमिन आणि 14 नॅनोग्रॅम ट्रोपोनिन, म्हणजे वजनाला जवळपास तीन अब्जास एक. आषाढीच्या पंढरपुरात लाखोंच्या गर्दीत एक ओळखीचा चेहरा शोधणं याच्या तुलनेत फारच सोपं. बरं, ही गर्दी आली आणि चिकटून बसली, असंही होत नाही. आधी अल्ब्युमिनसारखी विपुल आणि चपळ प्रथिनं जागा पकडतात, मग सावकाश येणारी पण घट्ट चिकटणारी त्यांना उठवून बसतात, फायब्रिनोजेन येतं, त्यालाही पुढे दुसरं कोणी उठवतं. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी आणि मागून आलेल्या धिप्पाड माणसाने रुमालासकट बाजूला सारावं तसं. याला व्रोमान इफेक्ट म्हणतात. लिओ व्रोमान हे रक्तशास्त्रज्ञ, आणि डच भाषेतले मोठे कवीही. आलेखावर हा प्रकार असा दिसतो: फ्रिक्वेन्सी झपकन उतरते, मग सावकाश सरकत राहते, कधी खाली, कधी थोडी वर. नवखा माणूस त्या सरकण्याला 'बाइंडिंग' समजतो.

कणकेचं उदाहरण पुन्हा घ्या. ओली कणीक स्वर उतरवतेच, शिवाय घुमारा मारते. प्रथिनांचा थरही असाच ओला असतो, अडकवलेल्या पाण्यासकट हलतो. झाउअरब्रेचं सूत्र कडक, पातळ थराला लागू. प्रथिनाला लावलं तर पाण्याचं वजन धरून दुप्पट-तिप्पट वस्तुमान निघतं. म्हणून फ्रिक्वेन्सीसोबत कंपन किती लवकर विरतं हेही मोजायला हवं. हे तंत्र स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठात 1990 च्या दशकात बसवलं गेलं आणि त्याला क्यूसीएम-डी म्हणतात. तुमच्या बजेटात ते यंत्र बसणार नाही. पण निदान क्रिस्टलचा रेझिस्टन्स मोजणारं सर्किट लावा. फ्रिक्वेन्सी उतरली आणि रेझिस्टन्सही बराच चढला, तर चिकटपणा बदललाय किंवा थर लिबलिबीत आहे. फक्त फ्रिक्वेन्सी उतरली तर काहीतरी खरोखर बसलंय.

तापमानाबद्दल एक किस्सा सांगते, म्हणजे लक्षात राहील. सुरुवातीच्या काळात एका प्रयोगशाळेत माझ्या आलेखावर दर वीस-पंचवीस मिनिटांनी चार-पाच हर्ट्झची सुरेख लाट यायची. मी आणि माझ्या सिनियरने तिच्यावर दोन आठवडे डोकं घातलं. अँटिजेन (अँटिबॉडीने पकडायचं प्रथिन) सुटतंय आणि पुन्हा बसतंय, असा सिद्धान्तही तयार झाला, व्हाइटबोर्डवर समीकरणंही उतरली. एक दिवस तिथले अटेंडंट काका चहाचे कप उचलता उचलता म्हणाले, "मॅडम, तो एसी कट झाला की तुमची रेघ वर चढते." कॉम्प्रेसर! क्वार्ट्झची ती 35 अंशांची काप निवडतातच अशी की खोलीच्या तापमानाला क्रिस्टल जवळपास ढिम्म राहतो. पण पाणी ढिम्म राहत नाही. त्याचा चिकटपणा अंशाला दोन टक्क्यांनी घटतो, आणि 5 मेगाहर्ट्झला अंशामागे सुमारे 8 हर्ट्झ चढतात. 10 मेगाहर्ट्झला जवळपास तिप्पट. तेव्हा सेल, म्हणजे क्रिस्टल आणि द्रव बसवलेली कुपी, थर्मोकोलच्या डब्यात ठेवा, छोटा पेल्टियर (विजेवर गरम-थंड करणारी चकती) लावा, बफर तासभर त्याच डब्यात ठेवून मगच वापरा. बफरमधली हवाही आधी काढून टाका. बुडबुडा आला की शेकडो हर्ट्झ उसळतात आणि तो दिवस गेलाच म्हणून समजा.

आता सरफेस वेव्हवाल्या चिपबद्दल, थोडक्यात. लॉर्ड रॅली यांनी 1885 मध्ये पृष्ठभागावरून धावणारी लहर मांडली. 1965 मध्ये व्हाइट आणि व्होल्टमर यांनी कंगव्यासारखी एकमेकांत गुंतलेली धातूची बोटं काढून ती लहर क्वार्ट्झवर विजेने उठवून दाखवली. पण रॅली लहर वर-खाली हलते. वर द्रव आला की सगळी ऊर्जा त्यात सांडून मोकळी होते. म्हणून द्रवासाठी आडवी हलणारी लहर लागते, आणि वर सिलिकाचा किंवा पॉलिमरचा पातळ थर देऊन ती पृष्ठभागाशी बांधून ठेवली तर तिला लव्ह वेव्ह म्हणतात. प्रेमाशी संबंध नाही. लव्ह हे ब्रिटिश गणिती, 1911 मध्ये ते भूकंपाच्या लहरींचा विचार करत होते. फ्रिक्वेन्सी शंभर-दोनशे मेगाहर्ट्झ, संवेदनशीलता जास्त, चिप नखाएवढी. पण शंभर मेगाहर्ट्झला त्या कंगव्याचं एक बोट आठ-दहा मायक्रोमीटर रुंद असतं. ते छापायला क्लीनरूम लागते, आणि कंगव्यावर पाणी न येता फक्त मधल्या पट्टीवर येईल असा सेल बनवणं हाच एक वेगळा प्रोजेक्ट आहे. वर लिहिलेल्या चिकटपणाच्या आणि गर्दीच्या तक्रारी तिथेही जशाच्या तशा. संवेदनशीलता वाढली की कचराही तितकाच मोठ्याने ऐकू येतो.

'हे यंत्र लॅबमध्ये का दिसत नाही' याचं एक उत्तर मात्र तुम्हाला आवडेल. ते दिसतं, फक्त जनावरांच्या दवाखान्यात. अमेरिकेतल्या झोमेडिका कंपनीचं ट्रूफॉर्मा हे यंत्र 2021 मध्ये बाजारात आलं. कुत्र्या-मांजरांच्या रक्तातली थायरॉइडची आणि कॉर्टिसॉलसारखी हार्मोन्स ते बल्क अकूस्टिक वेव्ह सेन्सरवर, म्हणजे क्वार्ट्झच्या चकतीसारख्या आख्ख्या जाडीतून थरथरणाऱ्या सेन्सरवर, मोजतं. सेन्सर मोबाइल फोनच्या फिल्टरच्या घराण्यातला. क्वोर्वो ही कंपनी तसे फिल्टर बनवते आणि तिच्याच शाखेने हे तंत्र पुढे नेलं. त्याच तंत्रावरच्या कोविड अँटिजेन चाचणीला 2021 मध्ये अमेरिकेत आणीबाणीची परवानगीही मिळाली होती, पण तिथे नमुना नाकातला होता. माझ्या मते पशुवैद्यकीय वाट धरण्यात शहाणपण होतं: हार्मोन्स मोजायची, नमुना दवाखान्यातच तपासायचा, आणि ट्रोपोनिनच्या महाकाय यंत्रांशी स्पर्धा करायची नाही.

दुसरीकडे, रक्ताचा चिकटपणाच जिथे प्रश्न आहे तिथे ध्वनी सरळ बाजी मारतो. रक्त गोठतंय का, गुठळी किती कडक होतेय, हे मोठ्या शस्त्रक्रियेत मिनिटामिनिटाला हवं असतं. क्वांट्रा नावाचं यंत्र अल्ट्रासाउंडच्या स्पंदांनी गोठणाऱ्या रक्ताला डोलवून त्याचा कडकपणा मोजतं, आणि त्याला 2019 मध्ये एफडीए या अमेरिकी औषध नियामकाची मान्यता मिळाली. क्यूसीएमवरही गोठणं फार सुंदर दिसतं, फ्रिक्वेन्सी कोसळते आणि विरण्याचा दर उसळतो. कुणी मला मोकळा हात दिला तर मी आज त्याच विषयावर प्रोजेक्ट देईन. पण तुम्हाला रोगाची खूण मोजायची आहे, तेव्हा सीआरपीकडे येऊ.

सीआरपी का? निरोगी माणसात लिटरला 10 मिलिग्रॅमच्या आत, जिवाणूंचा जोरदार संसर्ग झाला तर 100 च्या पुढे. तोच 50 मायक्रोलिटरचा हिशेब 100 मिलिग्रॅमला करा: 5 मायक्रोग्रॅम. ट्रोपोनिनच्या सत्तर लाखपट. रेणूही जाडजूड, पाच पाकळ्यांचा, सुमारे 115 किलोडाल्टन, त्यामुळे पकड घट्ट. सगळ्यात मोठी सोय म्हणजे सीरम बफरमध्ये दहापट पातळ करता येतं. 10 मिलिग्रॅमचं 1 मिलिग्रॅम झालं तरी ते 9 नॅनोमोलरच्या आसपास राहतं, अँटिबॉडीला पुरेसं. आणि पातळ केल्याने चिकटपणाचा उतार आणि नको ती गर्दी दोन्ही घटतात. 10 मेगाहर्ट्झवर काही हर्ट्झपासून दोन आकडी हर्ट्झपर्यंत उतार मिळायला हवा. ओपनक्यूसीएम नावाचं इटलीतलं मुक्त डिझाइन आहे, आर्डुइनोवर चालतं. ते पाहून सर्किट उभं करा.

सोनं स्वच्छ करायला पेपरांत पिरान्हा द्रावण लिहिलेलं असेल, सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. कॉलेजात ते करू नका, सेंद्रिय काही पडलं तर स्फोट होतो. युव्ही-ओझोन कुणाकडे असेल तर दहा मिनिटं मागून घ्या. थायॉलचा (सोन्याला चिकटणाऱ्या गंधकाच्या रेणूंचा) थर रात्रभर, मग ईडीसी-एनएचएस ही जोडणारी रसायनं, मग अँटिबॉडी, मग उरलेल्या जागा इथेनॉलअमाइन आणि केसिनने बुजवायच्या. संदर्भासाठी दुसरा क्रिस्टल हवाच, आणि तो कोरा सोन्याचा नको. त्याच्यावरही तितकीच अँटिबॉडी लावा, फक्त सीआरपीशी देणंघेणं नसलेली, त्याच प्राण्यातली. दोघांना एकाच सीरममध्ये एकाच वेळी बसवा आणि वजाबाकी करा. कोऱ्या सोन्याची वजाबाकी करून आलेले आलेख मी परीक्षक म्हणून पाहते तेव्हा पुढचं पान उलटत नाही.

मित्रांची बोटं टोचू नका. माणसाच्या नमुन्याला संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते, ती मिळेपर्यंत तुमचं सेमिस्टर संपेल. सीआरपी काढून टाकलेलं सीरम विकत मिळतं, त्यात मोजून सीआरपी मिसळा. विकतचं सीरमही मानवीच असतं, म्हणून हेपॅटायटिस बीची लस घेतलेली असावी, हातमोजे हवेत, आणि वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतण्याआधी एक टक्का हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास ठेवायचं.

पहिला महिना सीआरपीची बाटली फ्रीजमधून बाहेर काढू नका. सीआरपी नसलेलं पातळ सीरम दोन्ही क्रिस्टलांवरून वीस वेळा सोडा, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या क्रिस्टलांवर. वजाबाकीनंतर जे उरतं त्याचा विखुरलेपणा काढा, 2 हर्ट्झ असेल, 6 असेल. त्याच्या तिपटीच्या खाली जे काही दिसेल ते तुम्हाला दिसलेलं नाही, असं चौघांनी आधीच ठरवून टाका. आणि तोंडी परीक्षेत 'डिटेक्शन लिमिट किती?', म्हणजे कमीत कमी किती ओळखता येतं, असं विचारलं की आकडा सांगण्याआधी तो बफरमधला आहे की सीरममधला ते सांगा.